चौदा नंबरची प्लेट

गुरुवारी सकाळी आठ वाजता सुहैरने इनक्युबेटरचं दार उघडलं, तिसऱ्या नंबरचा डबा बाहेर काढला, त्यातली आपली प्लेट खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि ती होती तिथेच उभी राहिली. गेली दोन वर्षं ही प्लेट दर आठवड्याला तिचं नाक कापत होती. चौदा नंबरचे जंतू तिच्यावर एका रात्रीत पिवळट, दाट, माजल्यासारखे उगवायचे, जेलीत पाडलेल्या भोकातल्या तेलाला हुंगूनही बघायचे नाहीत. आज मात्र तेलाच्या भोकाभोवती जागा मोकळी होती. थोडीथोडकी नव्हे, दोन बोटं रुंद. त्या मोकळ्या जेलीतून तिला पलीकडचं स्वतःचं बोट दिसलं, नखावरच्या मेंदीचा उरलेला डाग दिसला. कडेला दुसरंही एक भोक होतं, नुसत्या पॅराफिनचं, ताळा पाहायला ठेवलेलं. तिकडे तिची नजर गेली आणि गेल्यासारखी न करता परत आली. मग तिने मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

पहिली गोष्ट काय मनात यावी? देवाचे आभार? छे. ‘आता नर्मीनचं तोंड पाहायला मिळेल,’ हे आलं. खोटं कशाला बोलायचं, सत्तेचाळीस वर्षांची, दोन पोरांना कॉलेजात धाडलेली बाई, आणि मनात पहिल्यांदा आलं ते हेच. नर्मीन पस्तिशीची. एकेकाळी सुहैरचीच विद्यार्थिनी, आता त्याच प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर. कैरोच्या चांगल्या वस्तीतून इकडे तांता शहरात नोकरीला आलेली, हळू बोलणारी, कुणाचाही वाढदिवस न विसरणारी. विभागप्रमुख डॉक्टर फिक्रींनी दोन वर्षांपूर्वी तेलं वाटून दिली तेव्हा कलौंजी नर्मीनच्या पदरात टाकली. कलौंजी! हब्बत-अल-बरका, बरकतीचा दाणा, जिच्यावर या देशातल्या प्रत्येक म्हातारीचा मरणाखेरीज सगळ्या दुखण्यांसाठी विश्वास. आणि सुहैरला काय? गर्गीर. भाजीवाल्याकडे जुडीने मिळणारा तिखट पाला, त्याच्या बियांचं तेल, जे बायका केस वाढावेत म्हणून डोक्याला चोपडतात. “दोघीही आपल्याच आहात,” असं फिक्री म्हणाले होते, आणि सुहैरच्या अंगाचा तीळपापड झाला होता. नर्मीनच्या प्लेटा पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ वर्तुळं दाखवू लागल्या. चौदा नंबरवरसुद्धा. चौदा नंबरवरच जास्त.

फिक्री दहाला आले. त्यांनी प्लेट पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली. ते जूनमध्ये निवृत्त होणार होते, आणि जाण्यापूर्वी एक तेल भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात मलमाच्या चाचणीसाठी पाठवायचं होतं. एकच. कागदावर एकच नाव जायचं होतं, आणि ज्याचं नाव जाईल त्याची प्राध्यापकपदाची फाईल आपोआप पुढे सरकणार होती. सुहैरची फाईल दोनदा परत आली होती. “शनिवारी बाराला बैठक,” फिक्री म्हणाले, “आणि सुहैर, बाई, एवढे दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस हे? मला वाटलं होतं कलौंजीच जाणार!” मग ते मोठ्याने हसले आणि चहा मागवला. नर्मीन तेव्हाच आत आली, पर्स खांद्यावरच. तिने प्लेट हातात घेतली. बराच वेळ पाहत राहिली. सुहैर तिच्या तोंडाकडे पाहत होती, भुकेलं माणूस तव्याकडे पाहतं तशी. नर्मीनचा चेहरा किंचित हलला, काहीतरी बोलायला ओठ उघडले, आणि मग ती हसली. “मबरूक, दोक्तोरा, अभिनंदन,” ती म्हणाली. “हाज रिज्कना किती आनंद झाला असता!” आणि तिने सुहैरला मिठी मारली. मिठीत तिच्या कोटाला कलौंजीचा वास येत होता, उग्र, कडवट, जरासा मिऱ्यासारखा. सुहैरला तो वास जन्मापासून ओळखीचा होता, आणि त्या कोटाला तो यावा याचाच तिला राग होता.

हाज रिज्क म्हणजे सुहैरचे बाबा. जिफ्ता गावात नदीकडच्या गल्लीत त्यांचा तेलाचा घाणा, वर घर. सुहैर त्या घाण्याच्या आवाजावर झोपली, आवाजावर उठली. खाली जवस, तीळ, कलौंजी, गर्गीर, ज्याचा त्याचा दिवस ठरलेला; भिंती तेलाने काळ्या, फरशी निसरडी, आणि बाबा स्टुलावर बसून धारेखाली तळहात धरून. तेल हाताला कोमट लागलं की ते घाणा थांबवायचे. “तळव्यापेक्षा गरम तेल म्हणजे मेलेलं तेल,” असं म्हणायचे. यंत्राला काटा होता, पण काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सुहैर सहा-सात वर्षांची असताना एकदा खाली उतरली आणि तिने आपला तळवा धारेखाली धरला. बाबांनी तो लगेच फडक्याने पुसला. “वर जा. हे हात पेनासाठी आहेत,” ते म्हणाले. मग दहाव्या वर्षी तेच. चौदाव्या वर्षी तेच. मुतवल्ली, तिचा धाकटा भाऊ, शाळेत ढ, तो मात्र स्टुलावर बसायचा. तेही तिने गिळलं. मुलगा आहे, धंदा त्याचा. बाबांनी तिला फार्मसी शिकवली, गल्लीतली पहिली दोक्तोरा केली, तिच्या निकालाच्या दिवशी सगळ्या गल्लीला सरबत पाजलं. याला कुणी दुजाभाव म्हणेल का? ती स्वतःही म्हणाली नसती. पण आठ वर्षांपूर्वी ती आपल्या विद्यार्थिनींना घाणा दाखवायला घेऊन गेली, पाच पोरी होत्या, आणि चार पोरी नाकाला रुमाल लावून दारातच उभ्या राहिल्या असताना ती कैरोची नर्मीन सरळ आत गेली आणि बाबांना म्हणाली, “हाज, मी हात धरून बघू?” आणि बाबा स्टुलावरून उठले. उठले! स्टूल तिला दिलं. तिचा हात मनगटाला धरून धारेखाली नेला. “आता सांग, मेलं का जिवंत?” “जिवंत,” ती म्हणाली, आणि बाबा असे हसले की सुहैरने त्यांना तसं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. दारात चार पोरींबरोबर ती उभी होती, पाचवी.

त्या दिवसापासून हे पोटातलं दुखणं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, सांगणार तरी काय? नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, “पोरीला कौतुकाने स्टूल दिलं म्हाताऱ्याने, त्यात काय?” त्यात काहीच नव्हतं. पुढे नर्मीन दर महिन्याला जिफ्त्याला जाऊ लागली, प्रयोगासाठी कलौंजीचं तेल ती त्याच घाण्यावरून, समोर बसून काढून आणायची. बाजारातल्या बाटल्यांचा भरवसा नाही म्हणायची, आणि ते खरंच होतं. सुहैर मात्र गर्गीरचं तेल मुतवल्लीला फोन करून मागवायची. मायक्रोबसच्या ड्रायव्हरबरोबर बाटली यायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. तिच्या बापाच्या घाण्याचं पाणी दुसरीच्या विहिरीला लागलं होतं.

आणि मग बाबांचा पाय. साखरेचं दुखणं जुनं, अंगठ्याला चिमूटभर जखम, चपलेची. तीन महिन्यांत ती जखम घोट्यापर्यंत चढली. सुहैरने स्वतः हात लावला, सगळी औषधं तिला तोंडपाठ, एक बदलून दुसरं, दुसऱ्याबरोबर तिसरं, शेवटी ते महागडं शिरेतून द्यायचं, जे शेवटचं म्हणून राखून ठेवतात. जंतू कशालाच भीक घालेनात. बाबा वॉर्डात खाटेवर पडून विचारायचे, “दोक्तोरा, हा कोण आहे गं माझ्या पायात? एवढा कसा हट्टी?” ती म्हणायची, “तुमच्यावर गेलाय.” ते हसायचे. पाय कापायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी तिने जखमेतून कापसाची काडी फिरवली, नळीत घातली, पिशवीत टाकली आणि प्रयोगशाळेत आणली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाबा पाय कापायच्या आधीच गेले, पहाटेच्या नमाजाच्या वेळी. नळीतला जंतू मात्र जगला. तिने तो वाढवला, गोठवणीत ठेवला आणि रजिस्टरमध्ये तेरा नंबरच्या खाली चौदा लिहिलं. बाकीच्या सगळ्या नंबरांपुढे पेशंटचा नंबर होता, चौदापुढे जागा कोरी. कुणी विचारलं नाही. तेव्हापासून दोन वर्षं ती दर आठवड्याला त्याला बाहेर काढते, ऊब देते, खायला घालते आणि मारायचा प्रयत्न करते. बाबांच्या घाण्याच्या तेलाने बाबांचा मारेकरी मरावा आणि तो आपल्या हातून मरावा, एवढीच तिची इच्छा होती. पदबिद सगळं नंतर. म्हणूनच नर्मीनच्या प्लेटवर चौदाच्या मध्यभागी दर सोमवारी ते गोल, टापटीप वर्तुळ उमटलेलं पाहिलं की तिला कुणीतरी आपलं दार वाजवण्याआधीच उघडून आत आल्यासारखं वाटायचं.

गुरुवारी दुपारी नर्मीन लवकर घरी गेली. सुहैरला आनंद आवरत नव्हता, बैठकीला एक नाही, दोन प्लेटा न्याव्यात असं तिच्या मनात आलं. तिने चौदा नंबर पुन्हा पसरला, भोकं पाडली, तेल सोडलं आणि ती प्लेट रिकाम्या पडलेल्या छोट्या इनक्युबेटरमध्ये एकटीच ठेवून दिली.

शुक्रवारी ती आईकडे जिफ्त्याला गेली. बाहेर खमसीनचा वारा सुटलेला, नदी धुळीने दिसेनाशी झालेली, आणि आईने खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून ठेवलेली. सुहैरने फोटो दाखवला. आईला त्यातलं काय कळणार, पण ती म्हणाली, “बरं झालं गं बाई. आता नर्मीनलाही बरं वाटेल. ती फार काळजी करते तुझी.” सुहैरचा घास तोंडातच राहिला. “काळजी? माझी? ती कोण?” “अगं, मागच्या महिन्यात आली होती ना तेलाला. म्हणे, दोक्तोरा फार थकतात, त्यांच्या तेलाला फळ येत नाही, मला वाईट वाटतं. माझ्या गुडघ्याला पण चोळून गेली. गुणाची पोर.” “मग तिलाच घे ना लेक म्हणून!” “बघा, बघा! केवढी झाली तरी जळतेच,” आई म्हणाली आणि खरंच हसली. “लहानपणी मुतवल्लीच्या ताटातलं अंडं मोजायचीस तू.” सुहैर उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. खाली घाणा बंद, शुक्रवार होता. तिने मोबाइलवर फोटो पुन्हा पाहिला. फोटो तिने कापून घेतला होता, कडेचा भाग नको म्हणून. का नको? तिने मूळ फोटो काढला. मोकळी जागा तेलाच्या भोकाभोवती गोल नव्हती. ती प्लेटच्या उजव्या कडेपासून सुरू झाली होती आणि कडेकडून आत पसरत आली होती, दाराच्या फटीतून ऊन यावं तशी. तिच्यात गर्गीरचं भोक सापडलं होतं आणि पॅराफिनचंही. पॅराफिनने कधी कुठला जंतू मेला आहे? हे तिने गुरुवारीच पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मनाला कळू दिलं नव्हतं. इथे, जिन्यात, खालून येणाऱ्या पेंडीच्या वासात, ते आता कळलं.

शनिवारी ती सातलाच पोचली. छोट्या इनक्युबेटरमधली दुसरी प्लेट काढली. चौदा नंबर तेलाच्या भोकाच्या काठापर्यंत उगवला होता, दाट, पिवळा, ठणठणीत. गर्गीरच्या तेलात त्याने जणू पाय सोडून बसायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मग ती मोठ्या इनक्युबेटरकडे गेली. दारावर कार्ड अडकवलेलं असतं, कुणी काय कुठे ठेवलं त्याची नोंद. बुधवार, डबा तीन: नर्मीनच्या चार कलौंजीच्या प्लेटा, आणि खाली त्याच बारीक, नीटस अक्षरात, ‘दोक्तोरा सुहैर, एक’. तिला आठवलं. बुधवारी जागा नव्हती, आईचा फोन आला होता, प्लेट टेबलावर राहिली होती, आणि नर्मीन म्हणाली होती, “राहू द्या, मी ठेवते.” कलौंजीचं तेल उडतं. त्याचा वासच औषध असतो. बंद डब्यात चार प्लेटांमधून रात्रभर उडालेला तो वास पाचव्या प्लेटच्या झाकणाच्या फटीतून आत शिरला आणि त्याने चौदा नंबरला कडेपासून मारत आणलं. तेलं एका डब्यात ठेवायची नाहीत हे त्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरीलाही शिकवतात. शिकवते कोण? सुहैरच.

नर्मीन साडेआठला आली. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन प्लेटा आणि मध्ये ते कार्ड तिने पाहिलं, आणि तिने पर्स हळूच खाली ठेवली.

“तुला ठाऊक होतं,” सुहैर म्हणाली.

“गुरुवारी प्लेट हातात घेतली तेव्हाच कळलं, दोक्तोरा. जागा कडेकडून आलेली होती.”

“मग वाचा बसली होती तुझी?”

नर्मीन बोटातली अंगठी फिरवत राहिली. “तुमचा चेहरा बघितला,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत तुम्हाला असं हसताना पाहिलं नव्हतं. हाजसारख्या दिसत होता तुम्ही. मला वाटलं, जाऊ दे. माझं वय आहे अजून. तुमची फाईल दोनदा परत आली, हे तिसऱ्यांदा... आणि शेवटी तेल तर हाजच्याच घरातलं, हे काय अन् ते काय.”

दान! चोरी केली असती तरी परवडली असती, या पोरीने दान केलं होतं. स्टूल घेतलं, मनगट घेतलं, आईचा गुडघा घेतला, आणि आता वरून पद वाढत होती तिच्या ताटात, उरलेली पोळी वाढावी तसं. “आणि वॉर्डातल्या भाजलेल्या माणसांना काय चोपडणार होतीस?” तिने विचारलं. आवाज तिला वाटला त्यापेक्षा थंड निघाला. “केसांचं तेल? माझा चेहरा हसरा राहावा म्हणून?” नर्मीन पांढरीफटक पडली. तिच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढी हुशार, आणि एवढं लक्षात आलं नव्हतं! सुहैरला त्या क्षणी जे वाटलं ते सुखच होतं. पण त्या सुखाच्या तळाशी तो कापलेला फोटो होता. मोबाइल कोटाच्या खिशात होता आणि मांडीला लागत होता.

बाराच्या बैठकीत सहा जण होते. फिक्रींनी कौतुकाची दोन वाक्यं तयार ठेवली होती, ती त्यांच्या तोंडात असतानाच सुहैर उभी राहिली. तिने दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवल्या, कार्ड ठेवलं आणि सगळं सांगितलं. पॅराफिनचं भोक आपण पाहिलं होतं आणि फोटोतून कापलं होतं, हेही. कुणी ठेवली डब्यात, तेवढं मात्र म्हणाली नाही. ‘ठेवली गेली’ म्हणाली. नर्मीनवर दया करून नव्हे. नर्मीनला उभं राहून ‘चूक माझी’ म्हणता येऊ नये, आणि सगळ्यांनी पुन्हा तिच्याकडेच पाहू नये म्हणून. मग फिक्री म्हणाले, “असा प्रामाणिकपणा मी चाळीस वर्षांत पाहिला नाही, बाई.” सुहैरला हसू आलं. कसला प्रामाणिकपणा? प्राध्यापकाची खुर्ची नर्मीनच्या हातून घ्यायची नव्हती, म्हणून ती सोडली होती. खरं बोलायला तिला दुसरं कुठलं कारण लागलंच नव्हतं. कलौंजीचं नाव कागदावर गेलं. सगळ्यांनी सह्या केल्या, सुहैरनेही, आणि तिची सही नेहमीपेक्षा मोठी आली.

दुपारी प्रयोगशाळेत त्या दोघीच होत्या. नर्मीनचे डोळे लाल होते, पण ती काम करत होती; वॉर्डाला पाठवायच्या कागदांवर प्रत्येक जंतूची माहिती भरायची होती. रजिस्टरवरून बोट फिरवत ती खाली आली आणि थांबली.

“दोक्तोरा, चौदापुढे काहीच नाही. हा कुणाचा?”

सुहैर बेसिनपाशी हात धूत होती. पाणी कोमट होतं, दुपारी नळाला येतं तसं. तिने तळवा धारेखाली धरला. सांगितलं असतं तर ही पोर रडली असती. टेबलावर डोकं ठेवून रडली असती, तिचं तेवढं प्रेम होतंच, आणि मग आईकडे जाऊन आईबरोबर रडली असती, आणि चौथ्या दिवशी तेही तिचं झालं असतं. तिने कागदावर चौदाच्या पुढे काहीतरी सुंदर लिहिलं असतं.

“होता एक म्हातारा,” सुहैर म्हणाली. “पायाची जखम होती. घोट्याच्या खालची, असं लिही.”

“वारला?”

“वारला.”

“अल्ला त्याच्यावर दया करो,” नर्मीन म्हणाली, जसं कुणाही परक्यासाठी म्हणतात तसं, आणि तिने लिहिलं.

“आमीन,” सुहैर म्हणाली.

मग नर्मीनने सोमवारसाठी नवी प्लेट घेतली, भोक पाडलं, बाटलीचं बूच काढलं आणि बाबांच्या घाण्याचं तेल चौदा नंबरवर सोडलं. सुहैर हात पुसत जवळ उभी राहून ते पाहत होती. पोरीचा हात चांगला होता, एक थेंब इकडे तिकडे झाला नाही. तो कुणाचा, हे नर्मीनने पुन्हा विचारलं नाही, आणि सुहैरने सांगितलं नाही. बाबांचं तेवढं तिने एकटीसाठी ठेवून घेतलं.